सुकती

तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. बंदर बदललं की थोडं मागंपुढं धरायचं. मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती मुंबईच्या जरा आधीच लागते. भरतीपासून सहा तासांवर सुकती. छापील पंचांगं घरोघरच्या भिंतीवर आली त्याच्या कितीतरी आधीपासून हा हिशेब कोकणात खाडीकाठच्या बायकांच्या तोंडी आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं. पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं आणि त्या दिवसांतली सुकती आमच्या किनाऱ्यावर पडते पहाटे, नाहीतर तिन्हीसांजेला. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हाची सुकती येते भर दुपारी, पण पाणी फार हलत नाही आणि खाडी काही उघडं करत नाही. म्हणजे पोटापाण्यासाठी ज्यांना चिखलात उतरायचं असतं त्यांना खाडी बोलावते ती उन्हं नसताना. उघड्या चिखलावर चार तास वाकून बसलेल्या बाईला हा योग म्हणजे केवढी सवलत आहे, हे तिथं बसल्याशिवाय कळत नाही.

माझं आजोळ मालवण तालुक्यात, कर्लीच्या खाडीकाठी. सह्याद्रीतून उतरलेली ही नदी समुद्राजवळ आली की खूप रुंदावते, आणि मुखाशी देवबागची माडांची पट्टी तिला बराच वेळ समुद्रापासून अलग धरून ठेवते. एका हाताला खाडी, एका हाताला दर्या, मध्ये घरं. आजोळचं गाव तिथून आत, जिथं काठाला तिवर, कांदळ आणि चिप्पी यांची दाटी आहे. आमच्या घरात होडी नव्हती. मामा गवंडीकामाला जायचा आणि मामी खाडीत जायची. ती घरात दिसली नाही आणि कुणी विचारलं, तर शेजारीण सांगे, "खाडयेत गेली हा." यापेक्षा जास्त बोलायची गरज कुणाला वाटत नसे. मामा कामाला जाई. मामी नुसती खाडीत जाई. त्या घरात आठवड्यातले कितीतरी दिवस ताटातलं कालवण मामीनं आणलेलं असायचं, तरी बोलण्यात हा फरक कायम राहिला. मला तो मोठी झाल्यावर टोचू लागला.

तिच्या तोंडी नावं असत तिसरे, मुळे, खुबे, कालवां, शिनाणे. शिनाणे समुद्राकडच्या खडकांवर, लाटांच्या माऱ्यात. ते बहुतेक पुरुष बुडी मारून काढायचे. कालवं खडकाला, धक्क्याच्या दगडांना, कांदळाच्या कमानदार मुळांना चिकटलेली. ती फोडायला हातात लोखंड लागतं आणि मनगटात जोर. तिसरे वाळूमिश्रित चिखलात, बोटभर खोल. मामी मुख्यतः तिसऱ्यांची. तिचं सामान म्हणजे मोडक्या कोयत्याचं एक पातं आणि एक टोपली. पुढं टोपलीच्या जागी प्लॅस्टिकचा टब आला. तो दोरीनं कमरेला बांधायचा. गुडघाभर पाण्यात तो मागोमाग तरंगत येतो आणि ओझं पाणीच उचलतं. या कामात मी पाहिलेली एवढीच सुधारणा. बाकी सगळं हातानं आणि पायानं.

पायानं हे मुद्दाम सांगते. पहिल्यांदा तिच्याबरोबर उतरले तेव्हा मी खाली बघत चालत होते. ती म्हणाली, "डोळ्यांनी खय शोधतंस गो? आधी पायाक इचार." चिखलात चार पावलं टाकली की तळव्याला फरक कळू लागतो. इथं नुसता लोण्याइतका मऊ गाळ आहे, त्यात पाय पोटरीपर्यंत जातो आणि हाती काही लागत नाही. इथं वाळू आहे, खाली काहीतरी टणक आहे. इथं तिवराची श्वासमुळं आहेत, खिळे उभे आहेत, इथून वळसा घालायचा. पाण्याखाली काही दिसत नसतानाही मामी अंगठ्यानं दाबून सांगायची की हा तिसरा जिवंत आहे आणि हा नुसता रिकामा शिंपला मातीनं भरलेला आहे. जिवंत शिंपला दाबला की क्षणभर अंग आवळून घेतो, ते तिला कळायचं. पाणी पूर्ण ओसरल्यावर डोळ्यांचं काम सुरू होई. चिखलाच्या पृष्ठभागावर कुलपाच्या भोकासारखी बारीक जोडभोकं दिसतात. एकातून पाणी आत घेतलं जातं, दुसऱ्यातून बाहेर सोडलं जातं. जवळ पाऊल पडलं की तिथून पाण्याची चिळकांडी उडते. पात्याचं टोक तिथं रोवायचं, मनगट फिरवायचं आणि तिसरा वर. हे सगळं इतक्या वेगानं चाले की बघणाऱ्याला वाटावं, ती फक्त चिखल थोपटते आहे.

पुढं कॉलेजात जीवशास्त्र शिकले तेव्हा मामीच्या चिखलाला आणखी एक तळ सापडला. तिवराची, कांदळाची पानं वर्षभर गळतात. ती पाण्यात पडतात, कुजतात, त्यांच्यावर जिवाणू वाढतात, पानांचा बारीक चुरा होतो. भरतीबरोबर तो चुरा आणि पाण्यातली सूक्ष्म वनस्पती चिखलावरून फिरते. तिसरे आणि कालवं तोंड उघडून तेच पाणी गाळतात. पुरेसं वाढलेलं कालव तासाला काही लिटर पाणी आपल्या कल्ल्यांतून काढतं. झाड पान टाकतं, खाडी ते दळते, शिंपला ते खातो, आणि त्या ओघात पाणी स्वच्छ होतं. चिखलाला येणारा कुजका वासही याच कारभाराचा भाग. खालच्या थरात प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू दुसऱ्या रीतीनं जगतात आणि गंधकाचा वायू सोडतात. शहरातून आलेले पाहुणे नाकाला रुमाल लावत. मामीला मात्र वास बदलला की लगेच कळे. वरच्या अंगाला कुणी गटार सोडलंय का, कुठं तेल सांडलंय का, हे ती नाकानं ओळखायची आणि त्या बाजूला महिनाभर फिरकत नसे. शिंपला पाणी गाळतो म्हणजे पाण्यातली घाणही त्याच्याच पोटात राहते. हे पुस्तकात नंतर वाचलं. तिचा नियम आधीचा होता.

पावसाळ्यात ती खाडीत उतरत नसे. नदीला पूर येतो, खाडीचं पाणी गोडं होतं, गढूळ होतं, तिसऱ्यांना ते मानवत नाही, पुष्कळ मरतातही. दिवाळी झाली, पाणी पुन्हा खारं झालं की नवी पिल्लावळ चिखलात स्थिरावते आणि थंडीपासून मे महिन्यापर्यंत कामाचे दिवस. त्यातही बारके हाती लागले की ती बोटांनी चाळून मागं टाकायची. मी मूठभर बारके टोपलीत घातले तर म्हणायची, "बारकी परत टाक. पुढल्या वर्साक तीच गावतली." कुणी तिला आकाराची मोजपट्टी दिली नव्हती. दोन बोटांच्या फटीतून जो निसटेल तो खाडीचा, जो अडकेल तो आपला. शिवाय सोमवार, संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार. गिऱ्हाईक नाही म्हणून त्या दिवशी कुणी उतरत नसे. ज्या तिथी-वारांनी माणसांचा उपास ठरतो त्यांनीच चिखलालाही विसावा मिळे. कुणी तसं ठरवून केलं असेल असं मी म्हणणार नाही. पण एका गावातल्या साऱ्या चुली एकाच दिवशी थांबतात तेव्हा त्याचा उपयोग होतोच.

आता या कामात जीवाला काय काय लागतं ते सांगितलंच पाहिजे, कारण खाडीचं वर्णन करताना लोक बगळे आणि सूर्यास्त यांपाशीच थांबतात. कालवाची कड ब्लेडइतकी धारदार असते. मामीच्या बोटांवर जुन्या जखमांच्या पांढऱ्या रेघांचं जाळं आहे. उथळ पाण्यात पाकट चिखलात अंग पुरून बसतं, त्याच्या शेपटीचा काटा पायात गेला तर बाई दोन-दोन दिवस कळवळत पडते. म्हणून पाण्यात पाऊल उचलून टाकायचं नाही, घासत न्यायचं. आधी पाकटाला हालचाल कळते आणि ते निघून जातं. शेंगाळ्याचा काटाही तसाच. सगळ्यांत मोठी भीती परतणाऱ्या पाण्याची. वाकलेल्या माणसाला पाणी वाढतंय हे दिसत नाही. चिखलातल्या भोकांतून बुडबुडे वर येऊ लागले की समजायचं, खालून पाणी शिरतंय, हवा बाहेर पडतेय, निघायला हवं. म्हणून बायका एकट्या जात नाहीत. चौघी-पाचजणी आवाजाच्या टप्प्यात बसतात आणि सतत बोलत असतात. एखादी गप्प झाली की दुसरी हाक मारते. त्या गप्पांत सासरची गाऱ्हाणी असत, लग्नं ठरत, उधारी फेडली जाई. पण मुख्य म्हणजे प्रत्येकीला दुसरीचा आवाज येत राही.

आणि कंबर. गुडघे. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहून पायांची फाटलेली कातडी. मामी आता सत्तरीपलीकडे आहे, तिला मांडी घालून बसता येत नाही, आणि डॉक्टरनं कधी काय काम करायचात असं विचारलं तर ती सांगते, "काय नाय, घरातच."

मालवणची रापण प्रसिद्ध आहे. अख्खा वाडा मिळून जाळं ओढतो, मासळीचे वाटे होतात. ट्रॉलर आहेत, पर्ससीनवाले आहेत, त्यांचे तंटे आहेत, मोर्चे आहेत. या सगळ्याला जाळं लागतं, होडी लागते, डिझेल लागतं, कर्ज लागतं आणि बहुतेक ठिकाणी पुरुष लागतो. चिखलाला यातलं काही लागत नाही. गाबीत घरातली बाई जशी खाडीत उतरते तशी भंडाऱ्याची, कुणब्याची, दलित वाडीतलीही उतरते. नवरा गेलेली, नवऱ्यानं टाकलेली, नवरा मुंबईत मिलच्या संपात बसून राहिला ती. ज्यांच्या नावावर सातबाऱ्यात काही नाही त्यांना रोज फुकट उघडणारी एवढी एकच जमीन. दुपारपर्यंत बाजाराच्या कडेला पोतं पसरून तिसऱ्यांचे वाटे लावायचे, विकून आलेला पैसा कमरेच्या पिशवीत. त्या पैशाचा हिशेब मामानं कधी विचारला नाही. माझ्या मामेबहिणींच्या वह्या, गणपतीतली साडी, दवाखान्याची चिठ्ठी त्यातूनच झाली. स्त्रियांच्या आर्थिक स्वातंत्र्यावर मी पुढं बरंच वाचलं, पण त्याचा पहिला धडा पोत्यावर मांडलेल्या त्या वाट्यांनी दिला.

घरी आणलेले तिसरे रात्रभर खाडीच्याच पाण्यात ठेवायचे, म्हणजे ते पोटातली रेती सोडतात. सकाळी विळीवर एकेक उघडायचा. शिंपल्यातलं पाणी खाली ठेवलेल्या भांड्यात पडलं पाहिजे. ते फुकट घालवणारी सून नजरेतून उतरे. मांस एका शिंपीला चिकटलेलं ठेवून दुसरी शिंपी टाकायची, की एकशिपी तयार. मग कांदा, भरपूर ओलं खोबरं, मालवणी मसाला, आमसुलं, आणि शिंपल्यांतून निघालेलं तेच पाणी, वस्त्रगाळ करून. मीठ बेतानं, कारण मीठ खाडीनं आधीच घातलेलं असतं. सुकं करायचं तर पाणी आटवायचं, सांबारं करायचं तर वाटप वाढवायचं. कालवांना इतका सायासही नको. कांद्यावर परतली, हळद-मसाला-कोकम लावलं की झाली. त्यांना नुसता वाफेचा धाक पुरतो, जास्त शिजवली की चिवट होतात. भाताबरोबर पहिला घास घेतला की जिभेला आधी खोबऱ्याचा गोडवा लागतो आणि त्यामागून खाडी येते. शहरातल्या मालवणी खाणावळींतून मी तिसऱ्या पुष्कळ खाल्ल्या. मसाला तोच असतो, खाडी मागून येत नाही. त्या आदल्या दिवशी बर्फात आलेल्या असतात आणि त्यांचं पाणी कुठंतरी ओतून दिलेलं असतं.

उरलेल्या शिंपल्या परसात माडाच्या बुंध्याशी. काही चुन्याच्या भट्टीवाले घेऊन जात. शिंपल्यांचा भाजून केलेला चुना पानाला लावायला चांगला. बाकीच्यांचा ढीग वर्षावर्षानं वाढायचा. असल्या ढिगाकडे मी वेगळ्या नजरेनं बघू लागले ते अंदमानविषयी वाचल्यावर. तिथल्या आदिवासींनी शतकानुशतकं खाऊन टाकलेल्या शिंपल्यांच्या टेकड्या झाल्या आहेत. फर्डिनांड स्टॉलिच्का या भूशास्त्रज्ञानं 1870 मध्येच त्यांच्यावर टिपण लिहिलं, आणि पुढं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या झरीन कूपर यांनी तिथं उत्खनन केलं. चौलदारी इथल्या ढिगाचं वय सुमारे 2,200 वर्षं निघालं. राजांनी बांधलेलं काही नाही, शिलालेख नाही, नाणं नाही. लोकांनी काय खाल्लं, किनारा तेव्हा कुठं होता, खाडीत कोणते शिंपले होते आणि पुढं कोणते संपले, हे सगळं थरांनी सांगितलं. शिंपल्याच्या कवचावर भरती-ओहोटीच्या वाढीच्या बारीक रेघा असतात. ज्याला वाचता येतात त्याला त्यातून ऋतू कळतो. आमच्या परसातला तो ढीग आता नाही. घर नवं बांधलं तेव्हा तो पायाच्या भरावात गेला.

मला जे म्हणायचं आहे ते या भरावापासून सुरू होतं. खाडीचा चिखल आपल्याकडे नेहमी कशाची तरी अपुरी अवस्था मानला गेला. शेतीच्या दृष्टीनं ती खार जमीन: बांध घालायचा, उघाडी बसवायची, खारं पाणी बाहेर ठेवायचं आणि भात पिकवायचा. 1948 च्या मुंबई कायद्यापासून 1979 च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्यापर्यंत सरकारनंही त्यासाठी यंत्रणा उभी केली. त्या बांधांनी कोकणातल्या गरिबांना तांदूळ दिला, त्याला मी नावं ठेवणार नाही. शहराच्या दृष्टीनं चिखल म्हणजे भराव टाकण्याची वाट बघणारा प्लॉट. मुंबईत माहीमला, वरळीला, हाजीअलीच्या खडकांवर कालवं काढणाऱ्या बायका होत्या आणि आहेत. किनारी रस्त्याचं काम 2018 मध्ये सुरू झालं तेव्हा भरावाखाली गेलेल्या खडकांवर कुणाचं पोट होतं हा प्रश्न कोळीवाड्यांनाच ओरडून विचारावा लागला. समुद्रातल्या होड्यांचं नुकसान मोजता येतं. ओहोटीला चालत जाऊन परत येणाऱ्या बाईचं नुकसान मोजायला तिच्या नावाची नोंद लागते, आणि ती कुठं असते?

झाडांच्या बाबतीत काळ बदलला, आणि ते फार मोठं काम झालं. मुंबई उच्च न्यायालयानं 2005 मध्ये कांदळवनं तोडायला मनाई केली, 2018 च्या सप्टेंबरात अंतिम निकाल देऊन ती पक्की केली. 2012 मध्ये वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष आला. 2020 मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष ठरला. 2021 च्या वनस्थिती अहवालात महाराष्ट्राचं कांदळवन 324 चौरस किलोमीटर नोंदलं गेलं. लहानपणी ज्या तिवराच्या फांद्या बिनदिक्कत सरपणाला तोडल्या जात तो आज कुणी तोडला तर गुन्हा आहे, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण झाड उपग्रहातून दिसतं. हिरवा ठिपका मोजता येतो, वाढला की अहवालात मांडता येतो. त्या ठिपक्याच्या पायाशी पसरलेला करडा पट्टा, जो दिवसातून दोनदा उघडा पडतो आणि दोनदा बुडतो, तो नकाशावर धड जमीन नाही, धड पाणी नाही. किनारा नियमनाच्या 2011 आणि 2019 च्या अधिसूचनांनी असे जिवंत चिखलपट्टेही सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात घातले आहेत. म्हणजे कायद्याला चिखल दिसला आहे. चिखलात बसलेली बाई दिसायची राहिली आहे. राखीव वन जाहीर झालेल्या पट्ट्यात ती उतरते तेव्हा तिला कुणी अडवल्याचं मी पाहिलेलं नाही, पण कुणी अडवलं तर दाखवायला तिच्याकडे काय आहे?

केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी सरोवर आहे. तिथं मिळते तीच आपली तिसरी. शास्त्राच्या वह्यांत तिचं नाव एकच. तिच्या मांसाची निर्यात सुरू झाली, उपसा वाढला आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला उत्पादन घसरलं. मग शिंपले काढणारे लोक, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ आणि सरकार एकत्र बसले. 1993 पासून डिसेंबर ते फेब्रुवारी हे प्रजननाचे महिने बंद, जाळ्याच्या आसाला किमान माप, बारक्यांची निर्यात नाही. उत्पादन सावरलं, आणि 2014 मध्ये या मासेमारीला मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. हे वाचताना मला मामीची बोटांची फट आठवली. अष्टमुडीत जे ठरावानं झालं त्याचा गाभा आमच्याकडे न ठरवता होता. फरक इतकाच की तिथं शिंपले काढणारा माणूस बैठकीत खुर्चीवर बसला होता.

इक्वेडोर तर फार दूरचा देश, पण तिथली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथंही कांदळवनात शिंपले वेचणाऱ्या बायका आहेत. 1970 च्या दशकापासून कोळंबीच्या तळ्यांसाठी तिथली कांदळवनं मोठ्या प्रमाणावर कापली गेली. लोक वर्षानुवर्षं लढले आणि 1999 मध्ये एका अध्यादेशानं पिढ्यान्‌पिढ्या त्या जंगलावर जगणाऱ्या समूहांना ठरावीक मुदतीसाठी त्याचा वापर आणि राखण दोन्ही सोपवायची सोय झाली. वापर आणि राखण एकाच हाती. जो काढतो तोच सांभाळतो, म्हणून त्याच्या सांभाळण्याला सरकारनं कागद दिला.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. 2017 पासून राज्याच्या योजनेत खाडीकाठच्या गटांना कालवं, शिंपले, खेकडे पाळायला मदत मिळते. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बायकांचा गट पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतो, स्वतः वल्हवतो, झाडांची नावं सांगतो. त्या बायकांचा आत्मविश्वास बघून माझे डोळे भरून आले होते. पण पाळलेल्या कालवांना दोरी असते, चौकट असते, गटाचं नाव असतं. रानच्या तिसऱ्यांचा पट्टा मोकळाच. तो कुणी बांधला नाही म्हणून कुणाचा नाही, आणि कुणाचा नाही म्हणून वाळू उपसणाऱ्याला तो सर्वांत आधी सापडतो. वाळूबरोबर तिसरे जातात, तळ खोल होतो, सुकतीला जो भाग उघडा पडायचा तो पडेनासा होतो. मामीच्या ओळखीच्या पट्ट्यांपैकी काही असेच पाण्याखाली गेले.

2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितली आहे. माधव गाडगीळ यांनी ही कल्पना गावोगाव नेली: लोकांना जे ठाऊक आहे ते लोकांच्या तोंडून लिहून घ्यायचं. पुष्कळ गावांत ती वही बाहेरच्या संस्थेनं घाईनं भरली आहे. आमच्या गावच्या वहीत झाडं आहेत, पक्षी आहेत, मासे आहेत. शिंपल्यांना एक ओळ आहे, आणि ते कोण काढतं, कधी काढतं, कुठं काढतं याला रकाना असूनही तो कोरा आहे.

या उन्हाळ्यात मी तो रकाना भरायला बसले. मामीबरोबर तिच्या वयाच्या आणि तिच्याहून तरुण अशा चौघीजणी ओटीवर आल्या. आधी त्यांना वाटलं मी गोष्टी ऐकायला बसलेय. वही उघडली, पेन काढलं, तेव्हा त्या सावध झाल्या, आणि मग एकमेकींना दुरुस्त करत बोलू लागल्या. कोणत्या वाडीच्या खाली तिसरे, कोणत्या व्हाळाच्या तोंडाला खुबे, कोणत्या दगडावरची कालवं कधी घ्यायची नाहीत कारण वरून सांडपाणी येतं. पुराच्या वर्षी किती दिवस थांबायचं. मळा म्हणून ओळखला जाणारा पट्टा वाळूच्या उपशानं कधी गेला. बारकी कोणती, मोठी कोणती, हे त्यांनी बोटं पुढं करून दाखवलं. मी त्या फटीत पट्टी धरून माप लिहून घेतलं. तरुण दोघींनी एक मागणी लिहायला लावली: थंडीत बारक्यांचा हंगाम असतो तेव्हा दोन महिने सगळ्याच वाड्यांनी काढणं बंद ठेवावं, एकट्यादुकट्या वाडीनं ठेवून उपयोग नाही, आणि त्या दोन महिन्यांत घरात काय शिजणार याचाही विचार पंचायतीनं करावा. मामीनं मान डोलावली. "ह्या पण लिही," ती म्हणाली, "की आमी काढतो म्हणान ती उरली."

तेही लिहिलं आहे. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ही पानं वाचून दाखवायची आहेत. तेव्हा पाऊस असेल, खाडी गोडी असेल, बायका मोकळ्या असतील. पाचही जणींना पुढच्या रांगेत बसवायचं आहे, कारण सरपंचांनी किंवा वनखात्याच्या माणसांनी काही विचारलं, तर उत्तरं त्यांनाच द्यायची आहेत.